टिटवीजवळची खुंटी

आयुष्यभर मी एकच काम केलं. दाखवलेल्या जागी, हातात चार मीटरची पट्टी धरून, सरळ उभं राहायचं. शाळेतही मी बराच वेळ उभाच असायचो, पण तिथं त्याचा पगार मिळत नव्हता. आठवीत गणिताच्या मास्तरांनी मला बाकावर उभं केलं. मधल्या सुट्टीत मी खाली उतरलो तो थेट घरी गेलो, आणि पुन्हा त्या शाळेचं तोंड बघितलं नाही.

या अंकाचे संपादक म्हणाले, तुम्ही कालवे-धरणं बघितलीत, त्याबद्दल लिहा. धरणांबद्दल लिहायला शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. मला आठवतात ती आमच्या वाटेत आडवी आलेली जनावरं. त्यांतल्या दोघांनी मिळून माझी नोकरी जवळजवळ घालवली होती, आणि तिसऱ्यानं ती परत मिळवून दिली. तेवढंच सांगतो.

आधी धंदा सांगायला हवा. कालवा, त्यातून शेतांकडं जाणारी चारी, रस्ता, काहीही काढायचं असलं की जमिनीचा चढउतार मोजावा लागतो. माणसाला सपाट दिसणारं रान सपाट नसतं, आणि पाणी माणसाच्या डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून तिपाईवर दुर्बिणीचं यंत्र बसवायचं. त्याला आम्ही लेव्हल म्हणतो. साहेब तिच्यातून बघणार. लांब एक जण आकडे लिहिलेली पट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन उभा. दुर्बिणीतली आडवी रेघ ज्या आकड्यावर पडेल तो वहीत लिहायचा. तो स्टाफवाला मी.

पण खरी गोम खुंटीत असते. यंत्र एका जागेवरून किती लांब बघणार? थोडं काम झालं की उचलून पुढं न्यावं लागतं, आणि उचललं की आधीचं सगळं तुटतं. ते तुटू नये म्हणून मध्ये एक लाकडी खुंटी ठोकायची. यंत्र मागं असताना तिच्या डोक्यावर स्टाफ ठेवून एकदा आकडा वाचायचा, यंत्र पुढं गेलं की त्याच डोक्यावर ठेवून पुन्हा वाचायचा. मधल्या वेळात खुंटी केसभरही वरखाली होता कामा नये. म्हणून स्टाफवाल्यानं तिच्याजवळून हलायचं नाही. शेवटी, ज्याची उंची आधीच पक्की माहीत आहे अशा दगडावर येऊन टेकायचं. आपला आकडा दगडाच्या आकड्याशी जुळला तर दिवस कारणी लागला. नाही जुळला तर सगळी वाट पुन्हा.

माझं गाव चंद्रपूरकडचं, जंगलाला चिकटलेलं. नव्वदीच्या सुरुवातीला मामाच्या ओळखीनं एका सर्व्हेच्या कंत्राटदाराकडं लागलो आणि दोन दिवस गाड्या बदलत बारामतीला उतरलो. निघताना बाबा एवढंच म्हणाले होते, “टिकून रायजो बापा. इकडं तुह्यासाठी आता काही नाही.” पहिले सहा महिने काम कच्चं होतं. साहेबानं चांगला शेरा दिला तर पक्का, नाहीतर परतीची गाडी. मी रोज सकाळी उठलो की आधी आपलं अंथरूण गुंडाळून ठेवायचो, म्हणजे कुणी जा म्हटलं तर वेळ लागायला नको.

आमचं पथक तिघांचं. पानसे साहेब, मी आणि लासुर्ण्याचा बबन, दुसरा स्टाफ त्याच्याकडं. मी वाघांच्या मुलखातून आलोय हे कळल्यापासून बबन मला नावानं हाक मारायचा बंद झाला.

“वाघोबा, खरं सांग, तुमच्याकडं वाघ हापशावर पानी प्यायला येतो?”

“नाही जी. मी तर बघितलाही नाही.”

“न्हाय बघितला? मंग हिकडं कशाला आलास, तितं बघायचा की!”

साहेब पन्नाशीचे, अंगानं बारीक, आवाजानं दांडगे. त्यांची दोन दैवतं होती, यंत्र आणि व्यायाम. यंत्रावर भर उन्हात एक मोठी काळी छत्री उभी असायची. साहेब उन्हात, आम्ही उन्हात, यंत्र सावलीत. छत्री माणसावर धरायची नाही हा नियम. एकदा बबनला उन्हानं गरगरलं, तेव्हा साहेबांनी त्याला स्वतःची टोपी दिली, स्वतःच्या वाटचं ताक पाजलं. छत्री दिली नाही.

आम्ही रानातच तंबू ठोकून राहायचो. पहिला तळ कोऱ्हाळे बुद्रुकजवळ पडला, तिथं कोल्ह्यानं साहेबांचा डाव्या पायाचा बूट पळवला. आम्ही अर्धं रान धुंडाळलं. शेवटी बबन म्हणाला, “साहेब, दुसराबी भायेर ठिवा. एका बुटावर त्यो बिचारा काय करंल?” साहेबांनी रागारागानं खरंच ठेवला. कोल्ह्यानं तो नेला नाही. पुढचा महिनाभर साहेब चपलेवर रान तुडवत होते, आणि तो उजवा बूट तंबूत टांगलेला होता.

मार्चमध्ये तळ कळंबजवळ हलला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला मुरमाड माळ, मधून जुनी चारी. शेजारचं रान तात्यांचं. साठी ओलांडलेले, बौद्ध घरातले, कारखान्याला ऊस घालणारे. मुलगी बारामतीला नर्स होती, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि नंतर रोज सांगितलं. “जय भीम, साहेब! काय लागलं सवरलं तर हाक मारा,” म्हणाले आणि तांब्याभर दूध ठेवून गेले. ते दूध त्यांच्या म्हशीचं. तिचं नाव गुणी. ती दावं तोडून दुसऱ्याच्या रानात जायची म्हणून हे नाव. तात्यांकडं एक पाळलेला एडका, म्हणजे मेंढाही होता. वळलेली शिंगं, शहाणा चेहरा. त्याचं नाव मास्तर.

“मास्तर का जी?” मी विचारलं.

“चुकलं की हानतोय.”

एका मास्तराला भिऊन एवढ्या लांब आलो, तर इथं दुसरा.

पण मास्तरनं पहिला धडा साहेबांना दिला. साहेब रोज सकाळी तंबूपुढं पन्नास जोर काढायचे. जोर काढताना माणूस डोकं जमिनीपर्यंत नेतो आणि पुढं झेप घेऊन वर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर समोर येऊन उभा राहिला. साहेबांनी एक जोर काढला. मास्तर दोन पावलं मागं सरकला. साहेबांना वाटलं, जनावर घाबरलं. दुसरा काढला. तो आणखी मागं गेला. तिसऱ्या जोराला साहेब खाली गेले आणि वर आले ते आडवे. नशीब, खांद्यावर निभावलं.

आरडाओरडा ऐकून तात्या धावत आले. त्यांनी आधी मास्तरच्या शिंगांवरून हात फिरवून बघितला.

“आहो तात्या, लागलंय मला!” साहेब ओरडले.

“तुमी त्याला मान घालून तीनदा बोलावलं, साहेब. त्यो सभ्य हाय. दोनदा मागं सरला, तिसऱ्यांदा आला.”

तेव्हापासून बबनचं एक जादा काम ठरलं. लासुर्णं इथून जवळ, म्हणून तो रात्री घरीच जायचा. उजाडता तिथून सायकलवर यायचं, येताना उसाचं हिरवं वाढं आणायचं आणि साहेबांचे पन्नास जोर होईपर्यंत मास्तरला चारत जीपच्या पलीकडं बसायचं. बबन मोठ्यानं मोजायचा, “बेचाळीस... त्रेचाळीस... साहेब, आवरा, वाढं संपाय आलं!”

आता त्या दिवसाकडं येतो.

चारीच्या कडेनं तीन किलोमीटरची लेव्हल चालली होती. निम्मी वाट झाली तेव्हा दुपार झाली. साहेबांनी माझ्या खुंटीवरचा आकडा वाचला, वहीत लिहिला, यंत्र उचलून पुढं नेलं आणि हात हलवून जेवायची खूण केली. ते आणि बबन पुढं जीपच्या सावलीला बसले. मी खुंटीजवळच बसायचं होतं. माझी भाकरी माझ्याकडं होती.

पण खुंटीपासून चार हातांवर टिटवीचं घर होतं. घर म्हणजे काय, मुरमातला उथळ खळगा आणि त्यात खड्यांसारखीच चार ठिपकेदार अंडी. खुंटी ठोकताना दिसलीच नव्हती. मी बसलो तशी ती उठली. डोक्यावरून ओरडत जायची, वळायची आणि सरळ कपाळावर यायची. भाकरीचा पहिला घास घेतला की एक फेरी, दुसरा घेतला की नराची फेरी. दोघांनी पाळी लावली होती. मी स्टाफ डोक्यावर आडवा धरून बघितला. मग ती अंड्यांपासून लांब जाऊन पंख मोडल्यासारखी फरफटायला लागली. एवढी मोठी फसवणूक ती माझ्यासाठी करत होती, म्हणजे मी केवढा मोठा राक्षस! उन्हात अंडी उघडी पडली होती. मला ते बघवेना. आणि खोटं कशाला लिहू, चोचीची भीतीही होती. मी उठलो आणि दीडशे पावलांवरच्या बाभळीखाली जाऊन बसलो. भाकरी खाल्ली. डोळा लागला.

जागा झालो ते साहेबांच्या शिट्टीनं. पळत आलो. खुंटी होती जागेवरच. फक्त तिच्याभोवतीची माती ताजी वाटली, शेजारी शेणाचा पो पडला होता, आणि खुंटी जरा बुटकी दिसत होती. मी मनाला समजावलं, मघाशी बसून बघितली, आता उभ्यानं बघतोय, बुटकी दिसणारच. विचारायचं तर सांगावं लागणार होतं की मी इथं नव्हतो. मी स्टाफ टेकवला, सरळ धरला. लांबून साहेबांनी आकडा वाचला आणि हात केला.

संध्याकाळी शेवटच्या दगडावर आकडा जुळला नाही. एकवीस सेंटिमीटर. आमच्या कामात एक सेंटिमीटर म्हणजे लाज, एकवीस म्हणजे पाणी उलटं वाहणार. साहेबांनी तंबूपुढं बसून बेरीज-वजाबाकी तीनदा केली. गणितात चूक नव्हती. मग कुणीतरी स्टाफ भलत्याच जागी ठेवला होता. बबननं मागं एकदा खुंटी सोडून शेजारच्या दगडावर स्टाफ ठेवला होता, गाणं म्हणण्याच्या नादात. साहेबांनी वही मिटली.

“बबन, तूच.”

“न्हाय साहेब. माझं चुकलं आसंल तर दावा, कुठं चुकलं.”

“ते कळलं असतं तर बोललो असतो का? उद्यापासून येऊ नकोस.”

मी चुलीपाशी बसून पीठ मळत होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य घशापर्यंत आलं, आणि त्याच्या मागोमाग बाबांचा चेहरा आला. मी पीठ मळत राहिलो. लागत होतं त्यापेक्षा जास्त मळलं.

बबननं सायकल काढली. जाता जाता माझ्याजवळ थांबला. “वाघोबा, सकाळी मास्तरला वाढं टाकत जा रं. साहेबाच्या हाडांत काय न्हाय उरलं.”

एवढं बोलून तो गेला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

सकाळी अंथरूण गुंडाळलं, पिशवी भरली आणि तंबूबाहेर आलो. साहेब जोर काढत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ केलेलं वाक्य होतं, ‘साहेब, चूक बबनची नाही, माझी आहे.’ पहिला शब्द बोललो आणि लक्षात आलं, माझ्या हातात वाढं नाही. साहेबांनीही मान वर केली तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या मागं बघत होते. तिथं मास्तर दोन पावलं मागं सरकत होता.

साहेब जीपच्या बॉनेटवर कधी चढले ते मला दिसलं नाही. मी चढलो ते मात्र मास्तरला दिसलं. त्यानं बंपरवर एक टक्कर दिली, थोडा विचार केला आणि जीपभोवती फेऱ्या घालायला लागला. वर आम्ही दोघं, साहेब लंगोटावर, मी पिशवी घेऊन.

“पिशवी कशाला भरलीस?” साहेबांनी विचारलं.

तिथं पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. टिटवी, अंडी, बाभूळ, डोळा लागला ते, शेण, बुटकी खुंटी. बबन. साहेबांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी हात उचलला, पण तोल गेला म्हणून तोच हात माझ्या खांद्यावर टेकवावा लागला.

“काल का बोलला नाहीस?”

“परत पाठवाल म्हणून जी.”

“आणि बबनला पाठवलं तेव्हा?”

खाली मास्तरनं पुन्हा बंपर वाजवला.

तेवढ्यात तात्या आले, हातात दुधाचा तांब्या. बॉनेटवरची आमची जोडी बघून क्षणभर थांबले.

“जय भीम, साहेब. आज व्यायाम वरच का?”

“तात्या, आधी हा धरा!” साहेब म्हणाले. तात्यांनी मास्तरचं शिंग धरलं. मी वरूनच विचारलं, “तात्या, काल दुपारी गुणी चारीकडं आली होती का जी?”

“आली व्हती की! दावं तोडून. दाव्याचा तुकडा तुमच्या खुटीत आडकला आन् हिनं खुटी उपटली.” मग त्यांनी जरा अभिमानानं मान हलवली. “पर काळजी करू नका. म्या त्याच भोकात परत ठोकलीय.”

“परत?” साहेबांचा आवाज बारीक झाला.

“मंग? आपल्या जनावरानं दुसऱ्याची खुटी उपटली तर आपन ती पयल्यापेक्षा घट ठोकून द्यायची. रीतच हाय आमच्याकडं. चांगली येवढी आत घातलीय. आता हत्ती बांधा!” असं म्हणून त्यांनी मोकळ्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

“तात्या, हात तसाच ठेवा! हलवू नका!” साहेब ओरडले. “स्टाफ आण रे!”

मी उडी मारली. तात्या एका हातानं मास्तर आणि दुसऱ्या हातानं वीत धरून पुतळ्यासारखे उभे. मी स्टाफ आडवा करून त्या वितीला लावला. साहेब बॉनेटवरून वाकून आकडा वाचायला लागले. इतक्या जवळून स्टाफ वाचताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“साडेएकवीस,” साहेब म्हणाले. मग म्हणाले, “अर्धा तात्यांच्या नखाचा.”

आणि ते हसायला लागले. लंगोटावर, बॉनेटवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तात्यांना काही कळेना. “काय चुकलं का आमचं?” त्यांनी मला विचारलं. काय सांगणार? त्यांनी काम माझ्यापेक्षा चोख केलं होतं. गोठ्यातल्या खुंटीचं मोल तिच्या खोलीत आणि आमच्या खुंटीचं तिच्या उंचीत, एवढाच फरक.

हसू ओसरल्यावर साहेब माझ्याकडं वळले. “जीप घेऊन मी येत नाही. सायकल काढ, लासुर्ण्याला जा, बबनला घेऊन ये. माझं चुकलं म्हणून सांग, आणि तुझं काय चुकलं तेही सांग. तुझं पुढं काय करायचं ते आकडा जुळल्यावर बघू.”

तात्यांची सायकल घेऊन गेलो. बबन अंगणात दात घासत होता. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यानं चूळ भरली, थुंकला.

“म्हंजी काल पीठ मळताना तुला ठावं व्हतं?”

“होय जी.”

“म्हनून भाकऱ्या करायला येवढा येळ लागला.” मग एकदम म्हणाला, “वाघाच्या गावचा ना तू? आन् टिटवीला भ्यालास?” तो हसला, पण रोजच्यासारखा नाही. पुढं तो माझा जिवाभावाचा मित्र झाला, माझ्या लग्नात नाचला. तरी त्या संध्याकाळचं मला अजून टोचतं. वाटेत एका उसाच्या फडाजवळ थांबून त्यानं मूठभर वाढं घेतलं. “मास्तर उपाशी आसंल,” म्हणाला.

त्या दिवशी तीन किलोमीटर पुन्हा केले. टिटवीजवळची खुंटी बदलावी असं मला वाटत होतं, पण तिथं चारी वळत होती, दुसरी जागा चालेना. साहेबांनी आधी अंड्यांभोवती लांबून दगडांचं एक कडं मांडायला लावलं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मग दुपार झाली, यंत्र पुढं गेलं, आणि मी खुंटीशी बसलो. टिटवीनं पहिली फेरी मारली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोर साहेब उभे होते. इतकं अंतर उन्हातून परत चालत आले होते. त्यांच्या हातात ती काळी छत्री होती.

“धर,” म्हणाले. “आणि हलू नकोस. तिचं मन मोडत नाही आपण. दोघंही आपापल्या जागी बसा.”

“पण साहेब, यंत्राला ऊन...”

“ते काय टिटवीला भीत नाही.”

मी छत्रीखाली बसलो. टिटवी वरून चार-पाचदा आली, छत्रीवर एकदा आपलं मत टाकून गेली आणि मग हळूहळू, एकेक पाऊल टाकत, अंड्यांवर येऊन बसली. चार हातांवर ती तिच्या घरात, मी माझ्या खुंटीशी. दोघंही एकमेकांकडं तिरप्या नजरेनं बघत होतो. लांब यंत्र उन्हात उभं होतं, आणि साहेबांनी स्वतःचा टॉवेल त्यावर धरला होता.

संध्याकाळी शेवटच्या दगडावर आकडा जुळला. मी साहेबांच्या तोंडाकडं बघत उभा. त्यांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं.

“उद्यापासून सगळ्या खुंट्यांवर तूच बसायचं,” म्हणाले.

बाकीचं मला ऐकू आलं नाही. त्या वाक्यात ‘उद्या’ होता.

तंबूत आल्यावर पिशवी सोडली, कपडे दोरीवर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी, आल्यापासून पहिल्यांदाच, अंथरूण न गुंडाळता मास्तरला वाढं टाकायला गेलो. त्या आठवड्यात बाबांना पत्र लिहिलं. वाघांच्या शेजारी राहणाऱ्या बापाला टिटवीचं काय सांगायचं? एवढंच लिहिलं, ‘टिकलो आहे. इकडं एक मास्तर आहेत. सुरुवातीला भीती वाटायची, आता आमचं बरं जमतं.’

बाबांनी ते पत्र गावभर वाचून दाखवलं म्हणे. पोराला शेवटी शाळा लागली, असं सांगून.